संस्थेचें ज्ञान व ‘विकी’

संस्थेची मालमत्ता मोजतांना गोदाम, यंत्रें, ठेवी व भागभांडवल यांचा हिशेब होतो. परंतु सभासदांनीं अनुभवानें मिळविलेलें ज्ञान कोणत्याही ताळेबंदांत येत नाहीं. कोणत्या शिवारांत किती फुटांवर कातळ लागतो, कोणतें बियाणें हलक्या जमिनींत टिकतें, या गोष्टी एखाद्या जुन्या चिटणीसास किंवा वयोवृद्ध सभासदास तोंडपाठ असतात. तो गृहस्थ गेला कीं हें ज्ञानहि जातें, आणि पुढील पिढीस पुन्हा पैसा खर्चून तोच धडा शिकावा लागतो. ही हानि टाळण्याचें ‘विकी’ नांवाचें एक साधन आज उपलब्ध आहे. त्याचें स्वरूप, उपयोग व मर्यादा यांचा येथें विचार करूं.

विकी म्हणजे संगणकावर किंवा मोबाईलवर वाचतां येणारी अशी वही, कीं जिचें पान वाचणाऱ्यासच दुरुस्त करतां येतें. अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञानें २५ मार्च १९९५ रोजीं पहिली विकी सुरू केली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीं आपले अनुभव एकमेकांस सांगावे, हा त्याचा हेतु होता. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकी’ म्हणजे जलद. होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ नांवाच्या बसगाडीवरून त्यानें हें नांव घेतलें. १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झालेला विकिपीडिया हा ज्ञानकोश याच पद्धतीचा असून २००३ पासून तो मराठींतहि आहे.

परिपत्रकाहून विकी तीन बाबतींत निराळी आहे. परिपत्रकाच्या शंभर प्रती निघाल्या आणि त्यांत चूक राहिली, तर ती शंभर घरीं राहते; विकीचें पान एकच असल्यामुळें एकदां केलेली दुरुस्ती सर्वांस दिसते. दुसरें, प्रत्येक फेरफार कोणीं व केव्हां केला याची नोंद आपोआप राहते, व बिघडलेलें पान पूर्ववत् करतां येतें. तिसरें, एका पानावरून संबंधित दुसऱ्या पानावर तत्काळ जातां येतें. ‘सर्वांस लिहूं दिलें तर गोंधळ माजेल’ हा आक्षेप साहजिक आहे; त्याचें उत्तर या दुसऱ्या गुणांत आहे. येथें चूक करणें सोपें आहे खरें, पण ती सुधारणें त्याहूनहि सोपें आहे.

मोठ्या संस्थेंत याचा उपयोग कसा होतो, याचें एक बोधप्रद उदाहरण आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यासंबंधीं चौकशी करणाऱ्या अमेरिकन आयोगानें २००४ सालीं अहवाल दिला. निरनिराळ्या सरकारी खात्यांजवळ माहिती होती, पण ती एकमेकांस पोहोंचत नव्हती, असा ठपका त्यांत होता. पुढें तेथील गुप्तवार्ता खात्यांनीं ‘इंटेलिपीडिया’ नांवाची सामाईक विकी काढली. २००६ सालीं तिची अधिकृत घोषणा झाली. गोपनीयतेच्या प्रतीप्रमाणें तिचे तीन भाग केले, आणि प्रत्येक लेखनाखालीं लेखकाची ओळख राहील अशी व्यवस्था ठेविली. पानें नीटनेटकीं राखण्याच्या कामास तेथें बागकाम म्हणत, व तें मन लावून करणाऱ्यास एक लहानसें फावडें बक्षीस देत! तथापि खात्यांचे अधिकृत अहवाल जुन्याच मार्गानें निघत राहिले, त्यामुळें पुष्कळांस विकी हें वाढीव ओझें वाटलें.

यांतून आपल्या संस्थांनीं घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. समजा, ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळी’ असें एक पान उघडलें. कामगंध सापळ्यांत पतंग प्रथम कोणत्या तारखेस सांपडले, हें एकानें लिहावें. पऱ्हाट्या वेळेवर काढून नष्ट केल्यानें पुढील सालीं काय फरक पडला, हें दुसऱ्यानें लिहावें. चार हंगामांत त्या पानास जी किंमत येईल, ती कोणत्याही विकत घेतलेल्या पुस्तकास येणार नाहीं. कारण तें आपल्याच शिवाराचें असेल. विकिपीडिया ज्यावर चालतो तो ‘मीडियाविकी’ प्रोग्राम विनामूल्य मिळतो. तो चालविण्यास लागणारी संगणकावरील जागा व एक जाणता माणूस, एवढीच तजवीज करावी लागते.

मात्र एका बाबतींत फार जपावें. औषधाच्या मात्रेंत दशांशचिन्ह चुकलें, तर उभें पीक जळेल व फवारणाऱ्याच्या जिवासहि अपाय होईल. म्हणून मात्रा, खतें व कायदे यांविषयींच्या पानांवर कृषि विद्यापीठाच्या शिफारशीचा किंवा सरकारी आदेशाचा तारखेसह उल्लेख असावा, आणि नेमलेल्या जाणत्या सभासदांनींच तीं बदलावीं. अनुभवाचीं पानें सर्वांस मोकळीं ठेवावीं.

पेरून विसरलेल्या शेतांत तणच माजतें. जुने बाजारभाव, बंद पडलेल्या योजना, दोन ठिकाणीं दोन तऱ्हेनें लिहिलेली एकच गोष्ट, हें विकीचें तण होय. तें काढण्यास दोन सभासद नेमावे, आणि संस्थेचा प्रश्न सुटला कीं त्याचें उत्तर प्रथम विकींत लिहावयाचें व मगच इतरांस कळवावयाचें, असा नियम करावा. उत्तर दोनदां लिहावें लागलें तर लोक कंटाळतील. एकदांच लिहावें लागलें तर संवय जडेल. प्रारंभीं दहाच पानें करावीं, पण तीं अशा प्रश्नांचीं असावीं कीं जे सभासद दर हंगामांत विचारतात.