वाळूतले घर सापडते कसे?

भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घरटे बांधणारी कुंभारीण तुम्ही पाहिली असेलच. तिच्या नात्यातील काही गांधीलमाश्या मातीकाम करीत नाहीत. त्या जमिनीत बिळे खणतात. त्या पोळे करून एकत्र राहत नाहीत. प्रत्येक मादी एकटीच बीळ खणते, पिलांसाठी शिकार आणते व तिच्यावर अंडे घालते. ॲमोफिला सुरवंट पकडते, फिलँथस मधमाश्या. नांगीच्या दंशाने शिकार मरत नाही, फक्त लुळी पडते. त्यामुळे अंड्यातून निघालेल्या अळीला ताजे अन्न मिळते.

युरोपातील एक फिलँथस वाळूत बीळ खणून आत कोठड्या करते. प्रत्येक कोठडीत ती एक किंवा अधिक मधमाश्या ठेवते. शिकारीला जाताना ती बिळाचे तोंड वाळूने बुजवते. आजूबाजूला तशीच कित्येक बिळे असतात. मग परतल्यावर तिला आपले बीळ कसे ओळखता येते? ते सापडले नाही, तर तिचे सारे कष्ट वाया जातील!

निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाला १९२९ च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न पडला. बाहेर पडलेली माशी निघून जाण्यापूर्वी बिळावर काही क्षण घिरट्या घालते, हे त्याने पाहिले. ती आसपासच्या खुणा तर पाहून ठेवीत नसेल? माशी आत असताना त्याने बिळाभोवती पाइनच्या फळांचे कडे मांडले. ती घिरट्या घालून गेल्यावर ते कडे उचलून थोडे बाजूला ठेवले. माशी मधमाशी घेऊन परतली आणि थेट कड्याच्या मध्यभागी उतरली. खरे बीळ जवळच होते, पण तिला ते सापडेना! कडे पूर्वीच्या जागी ठेवताच सापडले.

पण पाइनच्या वासाने तर ती फसली नसेल? पाइनचे तेल लावलेले पुठ्ठे त्याने फळांबरोबर बिळापाशी ठेवले. तिला त्यांची सवय झाल्यावर पुठ्ठे तेथेच ठेवून फळे तेवढी हलविली. माशी फळांकडेच गेली. म्हणजे ती डोळ्यांनी पाहिलेल्या खुणांवर विसंबते. प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनासाठी टिनबर्गनला १९७३ साली दोन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

हा प्रयोग फळे, पुठ्ठा आणि भरपूर सबुरी एवढ्यावरच झाला. तुम्हालाही रेताड जमिनीत असे बीळ दिसले, तर माशीला हात न लावता दुरून पाहा. निघताना ती घिरट्या घालते का, याची वहीत नोंद करा.