दुकान आणि कायदा (भाग ७) : शिवणीतला टॅग

मिरगाचा एक बरा पाऊस झाला की मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रांत पाय ठेवायला जागा राहत नाही. टेम्पो दारात लागतो, वरचा पोऱ्या सोयाबीनची बॅग उचलतो आणि धाडकन खाली टाकतो. खालचा ती ओढत नेऊन थप्पीला लावतो. हे दृश्य डोळ्यांपुढे ठेवा, शेवटी तिथेच यायचं आहे.

मागच्या भागात पाकिटावरची एमआरपी आणि निव्वळ वजन पाहिलं. पण परभणी जिल्ह्यात लेबलाचा खरा कस लागतो तो बियाण्याच्या बॅगेवर. बिस्किटाचा पुडा खराब निघाला तर दहा रुपये जातात, बी उगवलं नाही तर हंगाम जातो.

बॅगेच्या तोंडाशी शिवणीत एक टॅग अडकवलेला असतो. तो निळा असेल तर बियाणं प्रमाणित, म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेतातलं उभं पीक पाहून आणि नमुना तपासून मान्य केलेलं. पांढरा टॅग पायाभूत बियाण्याचा, पिवळा पैदासकाराचा. आणि हिरवट असेल तर ते सत्यप्रत. सत्यप्रत हा शब्द सरकारी कागदावरचा, मोंढ्यात सगळे ‘ट्रुथफुल’च म्हणतात. इथे बाहेरच्या यंत्रणेची मोहोर नसते, कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगते की बी असं आहे. म्हणून ते हलकं ठरत नाही, पण शब्द कुणाचा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक हवं.

टॅगवर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत असते. सोयाबीनसाठी किमान उगवण ७० टक्के आणि भौतिक शुद्धता ९८ टक्के लागते. म्हणजे शंभरातले तीस दाणे उगवले नाहीत तरी बी कायद्याने पास. हे गिऱ्हाइकाला बिल करतानाच सांगावं. बरीच भांडणं निव्वळ न सांगितल्याने होतात.

बियाणे कायदा १९६६ चा. पहिल्या गुन्ह्याला त्यात ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि म्हणूनच कित्येक दुकानदार तो मनावर घेत नाहीत. दंड नगण्य असला तरी परवाना बियाणे नियंत्रण आदेशाखाली येतो आणि भरपाईचा दरवाजा ग्राहक आयोगात उघडतो. शेतकरी ‘ग्राहक’ आहे की नाही यावर कंपन्या वर्षानुवर्षं वाद घालत आल्या. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो मिटवला : शेतकरी ग्राहकच. शिवाय, त्याने थोडं बी तपासणीसाठी मागे ठेवायला हवं होतं, ही सबबही चालली नाही. सगळं बी मातीत गेल्यावर तो नमुना आणणार कुठून? मग पंचनामा बोलतो, बिल बोलतं.

२०२० चा खरीप मराठवाड्यातला कोणताही दुकानदार विसरला नसेल. सोयाबीन उगवलं नाही, दुबार पेरणीची वेळ आली, तक्रारी हजारोंनी झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी २० जुलैला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू झाला. त्यातलं कलम ८६ थेट विक्रेत्यासाठी आहे. उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता जबाबदार. माल सांभाळताना वाजवी काळजी घेतली नसेल, तरीही विक्रेता जबाबदार. अनोळखी एजंट जास्त कमिशनवर बॅगा टाकून जातो, तेव्हा त्या कमिशनसोबत कंपनीची जागाही तो तुमच्या नावावर करून जातो.

‘सांभाळताना’ हा शब्द सोयाबीनच्या बाबतीत फार जड आहे. या दाण्याचं टरफल पातळ आणि अंकुर त्याच्या लगेच खाली. बॅग आपटली, थप्पी उंच लावली, ओल्या फरशीवर ठेवली की टॅगवरचे ७० टक्के टॅगवरच राहतात. दाणा बाहेरून तसाच गोल, पिवळा दिसतो. एका लॉटमागे एक बॅग फोडून शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून पाहा, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. एक बॅग वाया जाते हे खरं. पण ती फोडलेली बॅग सुटी विकायची नाही, हेही सोबत ऐका.

आता बिल. पक्कं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. जूनच्या गर्दीत ‘सोयाबीन २ बॅग’ एवढंच खरडून चिठ्ठी हातात दिली जाते. त्यावर कंपनी, वाण आणि लॉट नंबर नसेल तर नुकसान दुकानदाराचंच आहे, कारण ‘हे बी माझं नाही’ किंवा ‘हा लॉट कंपनीकडून असाच आला’ हे सिद्ध करायला त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही. स्टॉक रजिस्टर, कंपनीचं बिल आणि तुमचं बिल, तिन्हींवर एकच लॉट नंबर हवा. बियाण्यासोबत न मागितलेलं खत किंवा टॉनिक गळ्यात मारणं, ज्याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात, तेही प्रतिबंधक व्यापारी प्रथेत मोडतं. वरून कंपनीने लादलं, हे गिऱ्हाइकाला सांगायचं उत्तर होत नाही.

बियाणे निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग होतात : एक तुमच्याकडे, एक प्रयोगशाळेकडे, एक निरीक्षकाकडे. राज्यात सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि आपल्या परभणीत आहेत. तुमच्या वाट्याचा भाग सील न तोडता कोरड्या जागी जपा. एका दुकानात तो गल्ल्याखाली पाण्याच्या जारला टेकवून ठेवलेला मी पाहिला आहे.

या आठवड्यात मागच्या जूनचं बिलबुक काढा आणि दहा बिलांवर लॉट नंबर शोधा. पुढच्या भागात कीटकनाशकाच्या बाटलीवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे चौकोन.