फुटबॉल एजंटचा पेशा

फुटबॉल एजंट म्हणजे खेळाडूच्या वतीने क्लबशी बोलणी करणारा परवानाधारक माणूस. पगार, कराराची मुदत, बोनस, दुखापतीतला उपचारखर्च, मुदतीआधी क्लब सोडण्याची अट हे सगळे तो सहीपूर्वी ठरवून घेतो. खेळाडू कमावेल तरच त्याला कमाई होते. भारतात 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर या कामाला मागणी वाढली.

पेशातली खरी अडचण हितसंबंधांची आहे. पुण्याच्या व्यंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब घेतला, तेव्हा एजंट जेरोम अँडरसन यांचा सल्ला घेतला होता. महिन्याभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम अलार्डाइस यांना काढून त्या जागी स्टीव्ह कीन आले. कीन हे अँडरसन यांचेच अशील होते. 2012 मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. घसरणीला कारणे अनेक असतील, पण क्लबचा सल्लागार आणि व्यवस्थापकाचा एजंट एकच असणे चाहत्यांना खुपले, आणि ते रास्तच होते.

फिफाने 1991 पासून परवाने दिले, 2015 मध्ये ती पद्धत मोडली आणि 2023 मध्ये पुन्हा आणली. आता 20 प्रश्नांची, 60 मिनिटांची परीक्षा असते. उत्तीर्ण होण्यास 75 टक्के गुण लागतात. परवाना व्यक्तीला मिळतो, कंपनीला नाही. खेळाडूशी केलेला करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसतो. खेळाडूच्या 2,00,000 डॉलरपर्यंतच्या वार्षिक कमाईवर 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 3 टक्के अशी मोबदल्याची मर्यादाही फिफाने घातली होती. जर्मन न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर 2023 मध्ये ती जगभर स्थगित झाली. एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचे काम करण्यावरचे निर्बंधही तेव्हाच थांबले. ते थांबायला नको होते.

अल्पवयीन खेळाडूंचा नियम मात्र कडक आहे. मुलाला कायद्याने पहिला व्यावसायिक करार करता येईल त्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत एजंटला त्याच्याशी संपर्कच साधता येत नाही. पुढेही पालकांची लेखी संमती लागते. हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावातून मुलगा क्रीडा प्रबोधिनीत किंवा क्लबच्या अकादमीत गेला, तर घरच्यांना हाच नियम आधी माहीत हवा. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर खुली आहे. पालकांनी तिथे नाव तपासावे आणि करारातले प्रत्येक कलम मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.