आंबील दुकानात का मिळत नाही?

कन्नडच्या बाजारात सकाळी चहा पावलोपावली मिळतो. न्याहारीची ज्वारीची आंबील मात्र शोधावी लागते. तालुक्यात मका, कपाशी, आले वाढले आणि ज्वारीचा पेरा आक्रसला, हे एक कारण. दुसरे आंबिलीच्या घडणीतच आहे, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते.

रात्री ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवतात. पिठातलेच जिवाणू त्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. सकाळी वर बारीक बुडबुडे दिसतात, आंबूस वास येतो. आम्लता वाढली की धान्यातले फायटेज हे विकर जोमाने कामाला लागते. लोह आणि जस्त धरून ठेवणारे फायटेट ते तोडते, म्हणून ही खनिजे अंगी जास्त लागतात. मग हे पीठ उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचे. सुमारे ७० अंशांपुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, आंबील दाटते. निवली की ताक, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण.

दुकानदाराचे इथेच अडते. ताकातले जिवाणू थांबत नाहीत. उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबील जास्तच आंबट होते. टिकवण्यासाठी पुन्हा उकळली, तर ताक फाटते आणि पोटाला उपयोगी जिवाणूही मरतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, ज्वारीची बिस्किटे दुकानांत आली. आंबिलीसाठी मात्र आदल्या रात्रीच पीठ भिजवावे लागते.