पेडर रोडवरचा अर्धा बंगला

१२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सोराब सकलातवाला यांना एक पत्र पाठवलं. मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी जागतिक दर्जाची संस्था काढायची होती, त्यासाठी पैसे हवे होते. दोन-एक दशकांत अणूपासून वीज मिळू लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघायची वेळ भारतावर येऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सोळा-सतरा महिने होते आणि पत्र लिहिणारा ३४ वर्षांचा.

विश्वस्तांनी होकार दिला. दोराबजींच्या पत्नी मेहरबाई भाभांच्या सख्ख्या आत्या होत्या, हेही सांगायला हवं. परक्या घरातल्या हुशार मुलाच्या अर्जाचं काय झालं असतं, हा प्रश्न खासगी देणग्यांच्या बाबतीत कायम उरतोच.

पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक ८० हजारांचं: ट्रस्टचे ४५, मुंबई सरकारचे २५ आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे १० हजार. जून १९४५मध्ये बंगळूरला सुरू झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था वर्षअखेरीस मुंबईत आली, ती पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्याच्या निम्म्या भागात. भाभांचा जन्म याच बंगल्यातला.

सैद्धांतिक भौतिकशास्त्राला लागतं काय? फळा, खडू, ग्रंथालय, डोकेबाज सहकारी आणि ‘यंदा काय निष्पन्न झालं?’ असं दर मार्चला न विचारणारा पगार. यातली शेवटची गोष्टच सर्वांत महाग. विश्वकिरणांच्या प्रयोगांचं तसं नाही, तिथे उपकरणं लागतात आणि खर्च वाढत जातो. तो पुढे सरकारनेच उचलला; आज संस्था अणुऊर्जा विभागाच्या पैशावर चालते. १९७२मध्ये केंब्रिजहून परतलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर इथेच रुजू झाले.

याच संस्थेच्या बंगळूरमधल्या ‘आयसीटीएस’ या सैद्धांतिक विज्ञान केंद्राला अमेरिकेतल्या सायमन्स फाउंडेशनची मदत मिळाली आहे. फाउंडेशनचे संस्थापक जिम सायमन्स मुळात भूमितीचे माणूस. शिंग-शेन चर्न यांच्यासोबतचा त्यांचा १९७४चा शोधनिबंध निव्वळ गणिताचा होता. पुढे ते शेअर बाजाराकडे वळले आणि अब्जाधीश झाले. दरम्यान त्या निबंधातलं गणित भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटन यांनी १९८९मध्ये पुंज क्षेत्र सिद्धांतात आणून गाठींच्या गणिताशी जोडलं. त्याला मधे पंधरा वर्षं गेली होती.