बाल्कनीतली डिश आणि आकाशातली लैला

जर्मनीतल्या कुठल्याही जुन्या वसाहतीत मान वर करून पाहिलं, की दक्षिणेकडच्या बाल्कन्यांवर गोल डिश दिसतात. बहुतेकींचं तोंड १९.२ अंश पूर्व रेखांशावरच्या ॲस्ट्रा उपग्रहांकडे, म्हणजे टीव्हीकडे असतं. अशीच एखादी डिश सुमारे आठ अंश डावीकडे वळवली, तर तिला वेगळाच उपग्रह सापडतो. त्यावर चाललेल्या असतात हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा.

एसहेल-२ हा कतारचा व्यापारी उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडला गेला. त्याच्यावर हौशींसाठीही ट्रान्सपाँडर आहे. खालून आलेले संदेश ऐकायचे आणि वेगळ्या वारंवारतेवर पुन्हा खाली पाठवायचे, एवढंच त्याचं काम. त्याच्या आखणीत जर्मनीच्या ‘ॲमसॅट-डीएल’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. हॅम मंडळी त्याला ‘क्यूओ-१००’ म्हणतात. कमी उंचीवरचे हौशी उपग्रह दहा-पंधरा मिनिटांत क्षितिजाआड जातात. हा मात्र भूस्थिर कक्षेत, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आपल्या दृष्टीने एकाच जागी असतो.

ही जागा आपल्यासाठी फार सोयीची आहे. २५.९ अंश पूर्व रेखांशावरून त्याला ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा पट्टा दिसतो. फ्रँकफर्टहून तो आग्नेय-दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर असतो, तर पुण्याहून पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे ३२ अंशांवर. दोन्ही ठिकाणांहून जवळपास सारख्याच उंचीवर! ‘व्हीयू’ने सुरू होणारी भारतीय केंद्रं त्यावर ऐकू येतात आणि अंटार्क्टिकातल्या जर्मनीच्या नॉयमायर-३ तळावरची मंडळीही. आवाज वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो, त्यामुळे बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज क्षणभर उशिरा ऐकू येतो.

ऐकण्याचं सामान साधं आहे. डिश, तिच्या तोंडाशी असतो तो टीव्हीचाच एलएनबी आणि संगणकाला जोडायचा छोटा एसडीआर रिसीव्हर. उपग्रहाकडून संदेश येतात १०,४८९.५ ते १०,४९० मेगाहर्ट्झवर. एलएनबी त्यातून ९,७५० मेगाहर्ट्झ वजा करतो. उरतात सुमारे ७४० मेगाहर्ट्झ, जे स्वस्त रिसीव्हरलाही पेलतात. एलएनबीला केबलमधूनच सुमारे १३ व्होल्ट द्यावे लागतात. मध्ये ‘बायस-टी’ नावाचा जोड लावायचा, म्हणजे ती वीज वर जाते, पण रिसीव्हरमध्ये शिरत नाही. हा जोड विसरू नका, नाहीतर रिसीव्हर जळू शकतो.

मग सुरू होते खरी हौस. ऊन चढलं की एलएनबी तापतो आणि त्याची वारंवारता सरकते. दहा लाखांत एक भाग इतका फरक पडला, तरी ९,७५० मेगाहर्ट्झवर तो जवळजवळ १० किलोहर्ट्झ होतो. बोलण्याचा एक संदेश जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद असतो. म्हणजे ढगाआडून सूर्य आला, की ऐकत असलेला माणूस तीन-चार घरं पलीकडे गेलेला! त्यावर उपाय म्हणजे बीकन. हे खुणेचे संदेश ठरलेल्या वारंवारतेवर अखंड चालू असतात. त्यांच्याशी ताडून सॉफ्टवेअर रिसीव्हरला पुन्हा जागेवर आणतं.

बीकनचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा आहे. पृथ्वीच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यासाठी हा पट्टा फक्त अर्ध्या मेगाहर्ट्झचा आहे आणि उपग्रहाची शक्ती सगळ्यांत वाटली जाते. एकाने फार जोर लावला, की बाकीचे दबतात. सगळ्यांत आधी बुडतो तो लहान डिश आणि मोजकी शक्ती असलेला माणूस. म्हणून नियम असा, की आपला संदेश बीकनपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. पाऊण मीटरच्या डिशला पाचेक वॉट पुरतात. हा नियम मोडणाऱ्याला ‘लैला’ गाठते. मजनूचा इथे काही संबंध नाही. ‘शक्तिमर्यादा दर्शक’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दाचं हे लघुरूप आहे. मर्यादेपलीकडच्या संदेशावर ही यंत्रणा सायरनसारखा आवाज चढवते. ओरडणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना, सगळ्यांनाच तो कळतो. दंड नाही, नोटीस नाही. शक्ती कमी केली, की सायरन बंद.

जर्मनीत हौशी संदेश ऐकायला परवाना लागत नाही. बोलायला मात्र बुंडेसनेट्सआगेंटूर या सरकारी संस्थेची परीक्षा द्यावी लागते. जून २०२४ पासून ‘एन’ हा सोपा वर्ग सुरू झाला आहे, पण त्यात या उपग्रहासाठी लागणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा नाही. त्यासाठी वरचा परवाना हवा. बोलणं उघड भाषेत, म्हणजे सांकेतिक कुलूप न लावता करायचं. ती भाषा मराठीही असू शकते.

बाल्कनी दक्षिणेकडे असेल, तर डिश लावण्याआधी घरमालकाला विचारा आणि आधी फक्त ऐका. मधला बीकन ऐकू आला, की डिश योग्य जागी लागली असं समजा. मग हळूहळू पट्टा चाळत जा. कधीतरी ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ अशी सुरुवात कानावर पडेल. ते असतं भारतातलं केंद्र.