समुद्रावरचा शेवटचा दिवस

(नभोवाणीवरील भाषण)

माझ्या हाताखालीं शिकून गेलेला रत्नागिरीकडचा एक विद्यार्थी पुढें जहाजावर नोकरीस लागला. रजेवर घरीं आला म्हणजे तो मला भेटल्यावांचून राहत नसे. एकदां मीं त्याला सहज विचारलें, "काय रे, चहूंकडे पाणीच पाणी, जमिनीचा मागमूस नाहीं, अशा ठिकाणीं तुला भय नाहीं का वाटत?" तो हंसून म्हणाला, "गुरुजी, भर समुद्राला आम्ही भीत नाहीं. आम्ही भितों तें जमिनीला." त्या वेळीं मला हें उत्तर उलटें वाटलें. पुढें या विषयावर थोडें वाचन केलें, तेव्हां उमगलें कीं, शिष्यानें गुरूला धडा दिला होता. तोच धडा आज आपणांपुढें मांडणार आहें.

लांबच्या सफरीवरून परतणाऱ्या एखाद्या प्रवासी जहाजाचा शेवटचा दिवस डोळ्यांपुढें आणा. प्रवाशांची सामानाची बांधाबांध चाललेली असते. पेट्यांना चिठ्या लावून त्या रात्रीं खोलीच्या दाराबाहेर ठेवावयाच्या असतात. खर्चाचा हिशेब चुकता होतो. महिन्यापूर्वीं जे एकमेकांना ओळखतही नव्हते, ते आतां एकमेकांचे पत्ते लिहून घेतात. देहानें हीं मंडळी जहाजावर असतात. मनानें तीं केव्हांच घरीं पोहोंचलेलीं असतात.

परंतु याच घटकेला वरच्या मजल्यावर, जेथून कप्तान जहाज चालवितो तेथें, अगदीं निराळी हवा असते. नांगर क्षणांत टाकतां यावा म्हणून त्याचीं बंधनें सोडून ठेवतात. सुकाणू दोन्ही बाजूंना वळवून पाहतात. यंत्रें उलटीं चालतात कीं नाहीं याची परीक्षा घेतात. पहाऱ्यावरचीं माणसें वाढवितात. प्रवाशांची काळजी संपते, तेथें कप्तानाची सुरू होते.

याचें कारण साधें आहे. भर समुद्रांत वादळ असतें, लाटा असतात. पण आदळावें असें कांहीं नसतें. तळ हजारों वांव खालीं. जहाजाचा खरा शत्रु म्हणजे कठीण भूमि, आणि ती किनाऱ्यापाशीं दबा धरून बसलेली असते. खडक, वाळूचे दांडे, भरतीओहोटीचे ओढे, आणि त्याच अरुंद वाटेनें येणारीं-जाणारीं दुसरीं जहाजें! म्हणून शेवटच्या दिवशीं कप्तानापुढें एकच प्रश्न उभा असतो: आपण नेमके कोठें आहोंत?

पूर्वीच्या दर्यावर्दी लोकांपाशीं याचें उत्तर शोधण्याचीं साधनें थोडीं होतीं. निळें पाणी हिरवट दिसूं लागलें, किनाऱ्यावरचे पक्षी घिरट्या घालूं लागले, कीं जमीन जवळ आली असें ते ताडीत. कोलंबसाच्या जहाजांना ता. ११ ऑक्टोबर १४९२ रोजीं पाण्यांत वाहत आलेली कोरींव काठी आणि फळें लागलेली डहाळी सांपडली. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास जमीन दिसली. इतके दिवस जिची वाट पाहिली ती भूमि समोर होती. तरी कोलंबसानें तिकडे धांव घेतली नाहीं. शिडें उतरवून उजाडेपर्यंत त्यानें जहाजें जागच्या जागीं थोपवून धरलीं. त्याच्या इतर करणीविषयीं कोणी कांहींही म्हणो, त्या रात्रीं तो खरा नावाडी ठरला.

दुसरें साधन शिशाचें. लांब दोरीला शिशाचें वजन बांधून तें पाण्यांत सोडीत आणि खोली किती वांव आहे हें मोजीत. एक वांव म्हणजे सहा फूट. वजनाच्या बुडाशीं असलेल्या खळग्यांत चरबी भरीत. तिला चिकटून तळची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा वर येई. त्यावरून आपण कोणत्या किनाऱ्यासमोर आहोंत हें जाणता माणूस अजमावी.

परंतु हीं साधनें पुरीं पडत नसत. जिब्राल्टरहून स्वदेशीं परतणारें एक इंग्रजी आरमार १७०७ सालीं इंग्लंडच्या जवळ आलें. सर क्लाउडस्ली शॉव्हेल हा त्याचा प्रमुख. कित्येक दिवस हवा वादळी होती. आपण इंग्लिश खाडीच्या तोंडाशीं सुखरूप आहोंत अशी सर्वांची समजूत झाली होती; वस्तुतः जहाजें सिली बेटांच्या खडकांवर चाललीं होतीं. तेव्हांच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें ता. २२ ऑक्टोबरच्या रात्रीं प्रमुखाचें 'असोसिएशन' जहाज खडकावर आदळून कांहीं मिनिटांत बुडालें, आणि आणखी तीन जहाजांची तीच गति झाली. चौदाशेंपासून दोन हजारांपर्यंत माणसें गेलीं असा अंदाज आहे. घर तर अगदीं हाकेच्या अंतरावर आलें होतें!

पुढें अभ्यासकांनीं त्या आरमारांतील नोंदवह्या तपासल्या, तेव्हां अक्षांशांतही चुका आढळल्या. पण मोठें दुखणें रेखांशाचें होतें. अक्षांश दुपारच्या सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढतां येतो. रेखांश म्हणजे वेळेचा हिशेब. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश. जहाजावर सूर्य माथ्यावर आला असतां मूळ बंदराच्या घड्याळांत तीन वाजले असतील, तर आपण त्या बंदराच्या पश्चिमेस ४५ अंशांवर आहोंत. इतकें हें सोपें गणित! मात्र त्यासाठीं मूळ बंदराची बरोबर वेळ दाखविणारें घड्याळ जहाजावर पाहिजे. घड्याळ एक मिनिट चुकलें तर विषुववृत्तावर जागा पंधरा सागरी मैलांनीं चुकते. आणि त्या काळचीं लंबकाचीं घड्याळें डुलत्या जहाजावर चालत नसत.

१७१४ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें रेखांश काढण्याच्या उपायाला २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावलें. हा प्रश्न घड्याळानें सोडविला तो जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलानें. तो स्वतःही सुतारकाम करी. त्याचें चौथें घड्याळ तळहातावर मावण्याजोगें होतें. १७६१ सालीं तें जमेकाच्या सफरीवर पाठविलें, तेव्हां त्याच्या रोजच्या ठराविक फरकाचा हिशेब धरतां ८१ दिवसांत तें अवघे पांच सेकंद मागें पडलें. सिलीच्या खडकांवर जें हरवलें होतें, त्याची वाट एका कारागिराच्या चिकाटीनें सांपडली.

आज उपग्रह आहेत, रडार आहे. जहाज कोठें आहे हें पडद्यावर दिसतें. मग भय संपलें काय? ता. १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हें सफरीचें जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर घासून कलंडलें. त्यावर सुमारें ४,२०० माणसें होतीं. त्यांतील ३२ दगावलीं. तेथें साधनें सर्व होतीं. नेहमींची वाट सोडून जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेलें होतें. साधन डोळे देतें. जागें राहणें माणसाकडेच असतें.

म्हणूनच बंदर जवळ आलें कीं, परक्या पाण्यांत कप्तान आपला अभिमान बाजूस ठेवतो. पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचें निशाण चढवून तो पायलट, म्हणजे त्या बंदराचा वाटाड्या, मागतो. वाटाड्या लहान होडींतून येतो आणि चालत्या जहाजाच्या कुशीला सोडलेल्या दोरांच्या शिडीनें वर चढतो. तो वाट सांगतो. जबाबदारी मात्र कप्तानाचीच राहते.

आणि ज्यांच्या जागरणावर प्रवाशांची झोंप अवलंबून असते, त्या खलाशांचें काय? सारंग, टंडेल, सुकाणी हे शब्द कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या घरचे आहेत. गोव्याच्या दर्यावर्दी लोकांनीं मुंबईंत आपापल्या गांवांच्या नांवें 'कूड' काढले, ते पुढचें जहाज मिळेपर्यंत डोकें टेकावयास. प्रवाशांचा शेवटचा दिवस हा त्यांचा शेवटचा दिवस नसतो. सफरीच्या जहाजावरून सकाळीं एक मेळा उतरतो. खोल्या झाडून, चादरी बदलून होतात, तोंच दुपारीं दुसरा चढूं लागतो.

शाळेंत मीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे, मुलें गणिताच्या पहिल्या पायऱ्या जपून मांडतात आणि उत्तर दिसूं लागलें कीं शेवटच्या ओळींत चुकतात. माझा तो विद्यार्थीही त्यांपैकींच होता. आतां मात्र त्याची एक रीत आहे. किनाऱ्याचे दिवे दिसले म्हणून तो घरीं निरोप पाठवीत नाहीं. जहाजाचे दोर धक्क्याला बांधले गेले, म्हणजे मगच तो आईला कळवितो, "पोहोंचलों."